उक्ते गेलेले घर

मराठीतील ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘लेइलाँव’ या शब्दापासून आला असून चावी, साबण, पगार, घमेले या शब्दांप्रमाणेच तो पश्चिम किनाऱ्यावरील पोर्तुगीज सहवासातून भाषेत रुळला आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांच्या हाती गेलेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकून घेतलेली वसई हे त्या सहवासाचे एक मोठे ठाणे होते, आणि लिलाव तिथे अजून जिवंत आहे. हंगामात अर्नाळा किंवा पाचूबंदरच्या किनाऱ्याला होड्या लागल्या की मासळीच्या ढिगावर बोली लागते आणि भाव सर्वांच्या देखत ठरतो. त्याच तालुक्यातील एखादे शंभर वर्षांचे घर मोकळे होते तेव्हा मात्र त्यातील सामान सहसा बोलीवर जात नाही. ते ‘उक्ते’ जाते, म्हणजे वस्तूवार मोल न करता सगळ्याचा मिळून एकच आकडा ठरतो आणि माल एका व्यापाऱ्याच्या स्वाधीन होतो. शहरी ग्राहकाला जुन्या बाजारात जी वस्तू आश्चर्यकारक स्वस्तात मिळते, तिच्या स्वस्ताईचे मूळ बहुधा अशाच एखाद्या आकड्यात असते.

वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून झाली, २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती आणि २०१४ साली तालुका नव्या पालघर जिल्ह्यात आला. या वाढीचा भार पश्चिमेकडील हिरव्या पट्ट्यावर, गास, निर्मळ, वाघोली, भुईगाव, आगाशी अशा गावांतील वाड्यांवर व बैठ्या घरांवर पडत राहिला आहे. सामवेदी ब्राह्मण, कुपारी ख्रिस्ती, वाडवळ, भंडारी अशा समाजांच्या या घरांत ओटीवरचा पितळी कड्यांचा झोपाळा, माजघरातले फडताळ, शिसवी आरामखुर्ची, सागवानी पेटारा, तांब्याचे हंडे व घंगाळे, देव्हारा किंवा घरगुती वेदी अशा वस्तू पिढ्यान्‌पिढ्या साठत आल्या. पुनर्बांधणीत वारसांना सदनिका मिळतात, आणि साडेसहा फूट उंचीचे कपाट सदनिकेच्या उद्वाहनात मावत नाही. मग घर पाडण्याच्या आधीच्या आठवड्यात तांबे-पितळ मोडीच्या भावाने किलोवर जाते, तुळया व चौकटी घनफुटावर जातात, आणि उरलेले उक्ते. पुढे यातील बरेचसे सामान जोगेश्वरीच्या ओशिवरा भागातील जुन्या फर्निचरच्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारातील मटन स्ट्रीटवर दिसू लागते.

लिलाव या यंत्रणेचे वेगळेपण अशा सौद्याच्या शेजारी ठेवले म्हणजे नीट उमगते. भारतात तिचे नियम १९३० च्या माल विक्री अधिनियमाच्या कलम ६४ मध्ये आहेत, आणि काही ओळींचे हे कलम बाजारासंबंधीच्या कायद्यांतील अत्यंत विचारपूर्वक लिहिलेल्या भागांपैकी एक आहे. माल वेगवेगळ्या गटांत मांडला असेल तर प्रत्येक गट हा स्वतंत्र करार धरला जातो. हातोडा पडेपर्यंत किंवा रूढ पद्धतीने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर होईपर्यंत कोणालाही आपली बोली मागे घेता येते. विकणाऱ्याने स्वतः बोली लावण्याचा हक्क आधी उघडपणे राखून ठेवला नसेल तर त्याला स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावता येत नाही. आणि भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावली गेली तर खरेदीदार तो व्यवहार रद्द करू शकतो. चढत्या बोलीत जिंकणाऱ्याला आपल्या मनातील कमाल किंमत मोजावी लागत नाही, तर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाने जिथे माघार घेतली त्याहून थोडे अधिक मोजावे लागते, हे विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये सिद्धान्तरूपाने मांडले. याचा व्यावहारिक अर्थ असा की वस्तूचे मोल जाणणारी किमान दोन माणसे समोरासमोर असतील तरच विकणाऱ्याला न्याय मिळतो, आणि उक्त्या सौद्यात नेमके हे दुसरे माणूस नसते.

कोलकात्यात १९४० पासून चालत आलेल्या रसेल एक्सचेंजसारख्या ठिकाणी घरगुती जुन्या सामानाचा असा लिलाव रविवारच्या नित्यक्रमाचा भाग झाला. मुंबईतील मोठ्या लिलावगृहांचे लक्ष बहुतांशी चित्रे, दागिने व नाणी यांच्याकडे राहिले. ख्रिस्तीजच्या डिसेंबर २०१३ मधील भारतातील पहिल्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे चित्र तेवीस कोटींच्या वर गेले तो दिवस अनेकांच्या स्मरणात आहे. वाघोलीच्या फडताळासाठी मात्र असा मंच उभा राहिला नाही.

खरेदीदाराच्या बाजूने पाहता चांगला सौदा ओळखण्याचे सर्व शिक्षण एका वस्तूत सामावलेले आहे, आणि ती म्हणजे कपाटाचा किंवा मेजाचा खण. जुन्या फर्निचरची दर्शनी बाजू घासून, पॉलिश करून, नव्या पितळी कड्या लावून फसवी करता येते, परंतु खण ओढून उलटा केला की वस्तूला सहसा खोटे बोलता येत नाही. पहिली खूण सांध्याची: खणाचे दोन फलक जिथे कोनात मिळतात तिथे पारव्याच्या शेपटीसारख्या पसरत गेलेल्या जिभा एकमेकींत अडकवलेल्या असतात, आणि हाताने कापलेल्या या जिभा रुंदीने किंचित कमीअधिक असतात, तर यंत्राच्या अगदी एकसारख्या. दुसरी खूण करवतीची: हातकरवतीचे ओरखडे सरळ असतात, चक्राकार करवतीचे कमानीसारखे वळलेले, आणि जुन्या म्हणून सांगितलेल्या खणाच्या तळाला अशी कमान दिसली तर शंकेला जागा असते. तिसरी खूण स्क्रूची: निमुळत्या टोकाचे यंत्रावर बनलेले स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाले, त्याआधीच्यांचे टोक बोथट असे, अर्थात एकटा स्क्रू पुरावा ठरत नाही, कारण दुरुस्तीत तो बदलला गेलेला असू शकतो. चौथी खूण झिजेची, आणि ती सर्वांत बोलकी: शंभर वर्षे ओढला-ढकलला गेलेला खण ज्या पट्ट्यांवर सरकतो तिथेच झिजतो, इतरत्र नाही, आणि ही झीज खणावर व आतल्या पट्टीवर एकमेकींशी जुळावी लागते. जुळत नसेल तर खण एका कपाटाचा आणि सांगाडा दुसऱ्याचा, असे समजावे.

लाकूडही आपले वय सांगते. ते तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीच्या दिशेने फारसे नाही. त्यामुळे जुन्या गोल मेजाचा पृष्ठभाग दोन दिशांनी मोजला तर थोडासा फरक येतो, आणि मापनपट्टी जवळ बाळगणारा ग्राहक म्हणूनच चाणाक्ष समजावा. शिसवाचा गडद रंग व वजन यांची नक्कल साध्या लाकडाला काळपट रंग देऊन केली जाते, पण खणाच्या आतल्या, कधीच रंग न लागलेल्या बाजूला खरे लाकूड उघडे असते. भांड्यांच्या बाबतीत ठोक्याचे उथळ ठसे, आतल्या कल्हईचे थर आणि काशाच्या वाटीचा लांबत जाणारा नाद या गोष्टी वजनाइतक्याच मोलाच्या आहेत, आणि मोडीचा तराजू त्यांची दखल घेत नाही.

कायद्याची बाजू खरेदीदार व विक्रेता दोघेही बहुधा दुर्लक्षितात. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ साली संमत होऊन ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती किंवा कारागिरीची वस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित, ‘पुरावस्तू’ ठरते, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि शिल्पे व चित्रे यांसारख्या ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. हस्तिदंताची मूर्ती किंवा क्रूस कितीही जुना असला तरी त्याची विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. नव्या इमारतीचा पाया खणताना नाण्यांचा हंडा निघाला, आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

खऱ्या अडचणी कायद्याहून जवळच्या आहेत. पहिली अडचण वारसांची: सात-आठ हिस्सेदारांपैकी काही परदेशी, काही मुंबईत, आणि कोणालाही एका झोपाळ्यासाठी वाद नको असतो, म्हणून सर्वांना सारखी रक्कम वाटता येणारा उक्ता आकडा सोयीचा वाटतो. दुसरी अडचण वेळेची, कारण बांधकाम व्यावसायिकाने दिलेली तारीख जवळ आलेली असते आणि घाईत असलेला विक्रेता भावावर अडून बसू शकत नाही. तिसरी अडचण संगनमताची: एकाच भागातील व्यापारी आपसांत ठरवून एकालाच पुढे करतात, बाकीचे गप्प राहतात किंवा मुद्दाम कमी सांगतात, आणि मालाची खरी बोली नंतर त्यांच्यातच, घरमालकाच्या माघारी लागते. चौथी अडचण कधीच भरून न निघणारी आहे. वस्तू कुठल्या घरातून, कोणाच्या हातून आली ही माहिती तिच्यापासून एकदा तुटली की ती कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. वसईच्या मोहिमेतून आलेली घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात टांगलेली आहे, मेणवलीच्या घाटावरील घंटेवर मरीया व बाळ येशूची आकृती दिसते, आणि या घंटांना वसईच्या म्हणून ओळखता येते ते ती आठवण लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली म्हणून. ओशिवऱ्यातील आरामखुर्चीला अशी आठवण सोबत दिलेली नसते. तिथे ती ‘जुनी पोर्तुगीज खुर्ची’ एवढीच उरते आणि बहुधा तेवढेही खरे नसते.

मृत्युपत्राचा प्रोबेट, म्हणजे न्यायालयाची मान्यता, मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी न्यायालयात सादर करण्याची तरतूद भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ मध्ये आहे. न्यायालयापर्यंत न जाणाऱ्या कुटुंबांनीही अशी यादी करावी. घर पाडण्याच्या महिनाभर आधी प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, माप आणि ती कोणी कधी आणली याची दोन ओळींची नोंद वहीत घ्यावी आणि तिची प्रत वस्तूबरोबर द्यावी. आधी वारसांनी ओटीवर बसून आपसांत बोली लावावी आणि जमलेली रक्कम हिश्शाप्रमाणे वाटून घ्यावी. उरलेल्या सामानासाठी निदान तीन व्यापाऱ्यांना, त्यांपैकी एकाला तालुक्याबाहेरून, एकाच दिवशी एकाच वेळी बोलवावे आणि एकेक वस्तू पुढे ठेवून सर्वांच्या देखत भाव विचारावा, जसा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर विचारला जातो.