पास झालात? थांबा, कोर्ट बाकी आहे!

प्रमोशनची परीक्षा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रविवारचा क्लास, उधार आणलेल्या नोट्स आणि बॉसचा तो 'बघू या' वाला चेहरा. नापास झालो तर पुढच्या वर्षी पुन्हा, एवढंच टेन्शन. पण समजा तुम्ही पास झालात, ट्रेनिंगही संपलं आणि मग कुणी म्हणालं, 'जा, जुन्या खुर्चीत बसा', तर?

हे आपल्या नाशकातच घडलंय. त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत.

एमपीएससीने 2016 मध्ये पीएसआयच्या 828 जागांसाठी मर्यादित विभागीय परीक्षा घेतली. बसणारे सगळे आधीच खाकीतले. बंदोबस्त, नाइट ड्युटी आणि गणपतीची गर्दी सांभाळून अभ्यास केलेले. (आपण एका प्रेझेंटेशनसाठी सुट्टी टाकतो!) पास झालेल्यांनी अकादमीत नऊ महिने घाम गाळला. ऑक्टोबर 2018 मध्ये दीक्षांत संचलन झालं. घरचे लोक पेढे वाटायच्या तयारीत, आणि नेमका मॅटचा, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा आदेश आडवा आला. राखीव प्रवर्गातल्या 154 जणांना सांगण्यात आलं, मूळ पदावर परत जा. प्रकरण थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेलं.

गोची कुठे झाली? पदोन्नतीत 33 टक्के आरक्षण देणारा राज्य सरकारचा जीआर होता, 25 मे 2004 चा. तो मुंबई हायकोर्टाने 4 ऑगस्ट 2017 ला रद्द केला. परीक्षा 2016 ची, निकाल 2017 चा. म्हणजे पेपर सोडवताना जो नियम होता, तो नेमणुकीच्या वेळी उरलाच नाही. त्यात 26 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने जर्नेल सिंग केसमध्ये पदोन्नतीतल्या आरक्षणावर आणखी एक मोठा निकाल दिला, संचलनाच्या जेमतेम आठ-दहा दिवस आधी.

पण खरा पेच वेगळाच. खात्यातल्या लोकांची स्पर्धा परीक्षा म्हणजे पदोन्नती की निवड? पदोन्नती म्हटली तर आरक्षणाचा प्रश्न उभा राहतो. निवड म्हटली, तर मेरिट लिस्ट आणि भरतीचे नियम. ज्यांना आरक्षण नको होतं, तेही पोलीसच होते आणि त्यांचा मुद्दाही हवेतला नव्हता: जीआरच रद्द, मग त्याच्या आधारावर जागा कशा? माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न जाहिरात काढण्याआधी सुटायला हवा होता. नऊ महिने परेड करून घेतल्यावर नाही.

बँक, सरकारी कंपनी किंवा सरकारी खात्यात असाल तर दोन-तीन निकाल लक्षात ठेवा. परीक्षेला गपचूप बसायचं आणि नापास झाल्यावर पद्धतच चुकीची म्हणायची, हे कोर्टात सहसा चालत नाही. मदनलाल केसमध्ये 1995 लाच ते सांगून झालंय. शंका असेल तर फॉर्म भरतानाच लेखी विचारा. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात मागता येते, हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये म्हटलं.

आणि खेळ सुरू झाल्यावर नियम बदलायचे नाहीत, हे 2008 च्या मंजुश्री केसमध्ये ठरलं. राजस्थान हायकोर्टाच्या 13 ट्रान्सलेटरच्या जागांसाठी परीक्षेनंतर 75 टक्क्यांचा कटऑफ लावला होता, त्या वादात नोव्हेंबर 2024 मध्ये पाच न्यायमूर्तींनी तेच तत्त्व कायम ठेवलं. मूळ नियमातच मुभा असेल तर गोष्ट वेगळी.

आता ही ढाल नाशिकच्या 154 जणांना लावून बघा. त्यांच्या बाबतीत नियम एमपीएससीने बदलला नव्हता, तो कोर्टाने रद्द केला होता. साहेबांनी नियम बदलला तर साहेबांविरुद्ध जाता येतं. कोर्टानेच तो काढून टाकला, तर भांडायचं कुणाशी?