खाड्यांच्या वेळापत्रकाने: सागरी मार्गावरील एकट्याचा प्रवास

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला समांतर असे दोन रस्ते कोकणातून उत्तर-दक्षिण जातात, आणि या दोहोंतील फरक ध्यानात घेतल्याशिवाय तेथील एकट्याच्या लांबच्या प्रवासाचा विचार करता येत नाही. पनवेलहून निघणारा मुंबई–गोवा महामार्ग, जो पूर्वी 17 आणि आता 66 या क्रमांकाने ओळखला जातो, समुद्रापासून बराच आत, नद्यांची पात्रे अरुंद होतात त्या पट्ट्यातून महाड, खेड, चिपळूण, राजापूर असा जातो. अलिबागजवळच्या रेवसपासून गोव्याच्या सीमेवरील रेडीपर्यंतचा सागरी मार्ग मात्र पाण्याला लगटून जातो, आणि म्हणूनच मोठ्या नदीमुखांशी तो तुटतो. दापोली–खेड, गुहागर–चिपळूण, रत्नागिरी–हातखंबा, देवगड–नांदगाव, मालवण–कसाल असे आडवे रस्ते या दोहोंना शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे जोडतात. त्यामुळे किनाऱ्याने निघालेल्या प्रवाशाला थोड्याथोड्या अंतरावर महामार्गाकडे वळण्याची सोय राहते आणि पुढचा बेत दर खाडीपाशी नव्याने ठरवता येतो.

किनाऱ्यावरची गावे रस्त्यासाठी वसलेली नाहीत, हे या तुटकपणाचे कारण आहे. शतकानुशतके येथील माल आणि माणसे समुद्रावरून गलबतांतून व पुढे आगबोटींतून ये-जा करीत. चौल, दाभोळ, जैतापूर, विजयदुर्ग ही बंदरे खाडीच्या मुखाशी वाढली ती याच वाहतुकीमुळे. गाडीरस्ता फार उशिरा आला आणि जहाजांना सोयीचे असलेले खोल पाणी त्याच्या वाटेत अडथळा ठरले. आज राजापुरी खाडीत आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या बाणकोट खाडीत बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटी चारचाकी वाहनांसह माणसांना पलीकडे नेतात. दाभोळहून समोर दिसणारे धोपावे बोटीने काही मिनिटांच्या अंतरावर आहे. तेच खेड-चिपळूणमार्गे गाठायचे तर शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा पडतो. हवा बिघडली, बोट नादुरुस्त झाली किंवा शेवटची फेरी निघून गेली, तर मुक्काम अलीकडच्या तीरावर करावा लागतो, आणि असा न ठरवलेला मुक्काम हा या प्रवासातला अपवाद मुळीच नव्हे.

वेळ ठरवणारी दुसरी शक्ती भरती-ओहोटीची. दिवसाकाठी साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, आणि त्यांच्या वेळा रोज पाऊण तासाहून किंचित अधिक पुढे सरकतात. म्हणूनच किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची ढोबळ वेळ काढण्याची रीत आहे: तृतीयेला तीनाची पाऊणपट, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास भरती, आणि तिच्या आधी वा नंतर सहा तासांहून थोड्या अधिक अंतराने ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हा चढउतार सर्वांत मोठा असतो, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराचा मंद चढउतार तो भांग. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते ते ओहोटीत, हरिहरेश्वरची समुद्राकडची प्रदक्षिणावाट सुरक्षित असते तीही ओहोटीतच, तर हेदवीच्या बामणघळीत, म्हणजे कातळातल्या अरुंद भेगेत, पाणी उंच उसळते ते भरतीला. ही तीन ठिकाणे केवळ नकाशावरच्या अंतरानुसार ओळीने पाहू म्हणणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा येते. साधी दिनदर्शिका जवळ ठेवून क्रम बदलणाऱ्याला तिन्ही साधतात.

वेसवीपासून जवळच असलेल्या वेळासला तर पंचांगाचाही उपयोग होत नाही. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव आज ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांसाठी ओळखले जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांसह येथे संवर्धन सुरू केल्यावर वाळूतली अंडी कुंपणाच्या आत हलवून राखली जाऊ लागली. अंड्यांतून पिल्ले बाहेर येण्यास साधारण 45 ते 60 दिवस लागतात आणि तो काळ वाळूच्या उष्णतेवर अवलंबून असतो. पिल्ले आज निघतील की परवा, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. परतीचे आरक्षण करून आलेल्या जथ्यापेक्षा गावातल्या एखाद्या घरी आणखी एक रात्र राहू शकणारा एकटा प्रवासी येथे निश्चितच अधिक भाग्यवान असतो.

रत्नागिरीच्या दक्षिणेस थांबण्याचे कारण पायाखालच्या जमिनीत आहे. जांभा दगडाच्या सपाट, झाडे विरळ असलेल्या पठाराला सडा म्हणतात, आणि अशा सड्यांवर प्रागैतिहासिक माणसांनी कोरलेली कातळशिल्पे पसरलेली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाडीवाडीत विचारपूस करत त्यांतील पुष्कळ उजेडात आणली. 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत त्यांतील निवडक स्थळांचा समावेश झाला. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब असून त्याच्या देहाच्या आत इतर प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. अशा जागी पोहोचण्यास गुराख्याला किंवा शेतकऱ्याला वाट विचारावी लागते, आणि ती विचारण्यास गाडीतला एकटा माणूस सहसा अधिक तयार असतो.

या किनाऱ्यावर एकट्याच्या भटकंतीचा इतिहासही जुना आहे. त्वेरचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात कास्पियन समुद्राकाठच्या व्यापारासाठी निघाला, वाटेत लुटला गेला, रित्या हाताने मायदेशी परतणे शक्य नसल्याने इराणमार्गे पुढे सरकला आणि विकण्यासाठी एक घोडा घेऊन चौलला उतरला. पावसाळ्याने त्याला जुन्नरला थोपवले, तेथील सरदाराने घोडा जप्त केला व नंतर परत दिला. बीदर पाहून तो अखेर दाभोळहून जहाजात बसला. चौल आणि दाभोळ, म्हणजे त्याच्या येण्याजाण्याची दोन्ही टोके, आजच्या सागरी मार्गाला लागून आहेत आणि चौलजवळच्या रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. बेत मोडल्यामुळेच तो येथवर आला आणि येथील बाजार, पोशाख व माणसे लिहून ठेवू शकला.

एकटेपणाला जोखीमही आहे. वळणांच्या अरुंद रस्त्यावर चाक हाती घ्यायला दुसरे कोणी नसते, गावांच्या मधल्या सड्यांवर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, आणि पेट्रोलपंप दूरदूर असतात. म्हणून अंधारापूर्वी मुक्काम गाठणे, टाकी अर्ध्यावर येताच भरणे आणि बदललेला मार्ग घरी कळवणे ही पथ्ये काटेकोरपणे पाळावी लागतात.

राज्य रस्ते विकास महामंडळाने या मार्गावरील मोठ्या खाड्यांवर पुलांची कामे हाती घेतली आहेत. पलीकडच्या दवाखान्यात रुग्ण नेणाऱ्या कुटुंबाला, मासळी घेऊन बाजार गाठणाऱ्या कोळिणीला ते हवेच आहेत, आणि प्रवाशाच्या हौसेपेक्षा त्यांची निकड निःसंशय मोठी आहे. ते होईपर्यंत निघणाऱ्याने चारही फेरीबोटींच्या शेवटच्या फेऱ्यांची वेळ अलीकडच्या धक्क्यावरच विचारून घ्यावी, कारण ती ऋतूप्रमाणे बदलते.