सुचल्यानंतरचें सोपेपण

आमच्या बांद्यास वैशाख लागला कीं घरोघर रातांबे फोडतात. सालें मीठ लावून, रसांत पुनःपुन्हा बुडवून उन्हांत वाळवितात. या आमसुलांच्या कृतीवर कोणी पेटंट, म्हणजे कांहीं वर्षांपुरता सरकारमान्य एकाधिकार, मागूं लागल्यास लोक हंसतील. जें सर्वांस उघड आहे त्याचा धनी एकटा कोणी कसा? परंतु कृति परिचित आणि तिचें फळ मात्र अपूर्व, असा प्रसंग आल्यास निवाडा कसा करावा?

या प्रश्नाचा ऊहापोह १९६८ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत झाला. वाद टोलब्युटमाइड या मधुमेहावरील औषधाचा होता. तें बनविण्याच्या रीतीचें पेटंट जर्मनीच्या होएक्स्ट कंपनीकडे होतें. मुंबईच्या युनिकेम कंपनीनें परळच्या हाफकिन संस्थेची रीत घेऊन तेंच औषध बाजारांत आणलें. थायोयुरिया जातीच्या संयुगांतील गंधक हायड्रोजन पेरॉक्साइडनें काढावयाचा, अशी ती रीत. गंधक काढण्याची विद्या रसायनज्ञांस पूर्वींच अवगत होती, मग होएक्स्टचा शोध तो कोणता, असा युनिकेमचा आक्षेप. न्या. विमादलाल यांनीं निर्णय होएक्स्टच्या बाजूनें दिला. त्या विषयांतील कुशल मनुष्यास, पेटंटाच्या तारखेस उपलब्ध असलेल्या ज्ञानावरून, ती गोष्ट सहज सुचली असती काय, ही त्यांची कसोटी.

ही कसोटी आम्हांस सयुक्तिक वाटते. या कुळांतील द्रव्यांचा गुण मुळांत अकल्पितपणें कळला. १९४२ सालीं फ्रान्सांत माँपेलिए येथें डॉ. जान्बों विषमज्वराच्या रोग्यांस एक सल्फा औषध देत असतां, त्यांच्या रक्तांतील साखर एकाएकीं उतरूं लागली. उत्तर हातीं आल्यावर गणित सोपें दिसतें, हें चाळीस वर्षें मुलांना शिकवितांना आम्हीं नित्य पाहिलें आहे. पश्चात्‌बुद्धीनें दुसऱ्याच्या श्रमांचें मोल ठरवूं नये.

तथापि रोग्याचाही पक्ष आहे. एकाधिकार दीर्घ असला तर गोळी महाग राहते, आणि घरांत मधुमेही वडीलधारें असलें म्हणजे तो भार सर्व कुटुंबावर पडतो. हें जाणून संसदेनें १९७० चा कायदा केला. तो १९७२ पासून अमलांत आला. औषधाच्या द्रव्यास पेटंट नाहीं, केवळ रीतीस. आणि मुदत १६ वर्षांऐवजीं फार तर ७ वर्षें. नवी रीत शोधणाऱ्या देशी कारखान्यांस त्यामुळें वाव मिळाला. २००५ पासून द्रव्यासही पुन्हा पेटंट मिळूं लागलें असून मुदत २० वर्षांची आहे.

तात्पर्य, शोध उघड होता कीं नव्हता हें न्यायाधीशानें ठरवावें. त्याचें पारितोषिक किती काळ द्यावें हें लोकप्रतिनिधींनीं ठरवावें. पहिल्या प्रश्नांत दयेस स्थान नाहीं. दुसऱ्यांत मात्र तिचा विसर पडतां कामा नये.