लॅपटॉप चार्ज होत नाही? कल्याणला नेण्याआधी एवढं बघा

सख्यांनो, बैठक उद्यावर आलेली, कर्जाचा प्रस्ताव अर्धा टाइप झालेला आणि लॅपटॉप चार्जिंगच घेत नाही. मग लिपिका ताई मुरबाडहून एसटीने नाहीतर आसनगावहून लोकलने कल्याण-डोंबिवली गाठते. दिवस जातो, भाडं जातं, वर "बॅटरी गेली, नवी टाका" असं ऐकायला मिळतं. बऱ्याचदा बॅटरी चांगली असते, बिघाड चार्जरचा असतो.

पहिलं काम म्हणजे लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतोय का, बोट फिरवायची पाटी वर आलीय का, झाकणाला फट पडलीय का? तसं असेल तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. पुढचं काहीच करू नका. चार्जर काढा, मशीन बंद करा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका. ती पेट घेऊ शकते, म्हणून चूल, गॅस, कपड्यांपासून लांब ठेवा आणि थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.

फुगलेली नसेल तर त्याच प्लगात मोबाइल लावून बघा. बोर्डातच वीज नाही, असंही निघतं! मग अ‍ॅडॉप्टरची वायर बघा, ती दोन्ही टोकांना जास्त तुटते. पिन हलवल्यावर दिवा लागतो-विझतो, तर वायर किंवा लॅपटॉपची खाच सैल आहे.

आपल्याकडे व्होल्टेज कमी, म्हणून चार्ज होत नाही, असं बऱ्याच जणी म्हणतात. पण अ‍ॅडॉप्टरवर बहुतेक 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे कमी दाबावरही तो चालतो. धोका गेलेली वीज परत येतानाच्या झटक्याचा. वीज गेली की प्लग काढून ठेवा.

दुसऱ्या गटाचा चार्जर लावून बघायचा, तर आधी दोन्हींवरचे आकडे वाचा. समजा आपल्यावर 19 व्होल्ट, 3.42 अँपिअर आहे. गुणाकार साधारण 65 वॅट. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. टाइप-सी पिनचा लॅपटॉप मोबाइलच्या लहान चार्जरवर नीट चार्ज होत नाही, तो बिघाड नव्हे.

चार्जिंग 60 किंवा 80 टक्क्यांवर थांबत असेल तर घाबरू नका. बॅटरी टिकावी म्हणून काही कंपन्यांनी तशी सेटिंग दिलेली असते. पत्र्याखाली मे महिन्यात तापलेली बॅटरीही चार्जिंग थांबवते. गार होऊ द्या, गोधडीवर ठेवू नका.

एवढ्यानं झालं नाही तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा. चालू करायचं बटण 30 सेकंद दाबून धरा, मग सगळं परत जोडा. बरेचदा चार्जिंग सुरू होतं.

तरीही दुकान गाठावंच लागलं तर "आधी दुसरा चार्जर लावून दाखवा" असं ठामपणे सांगा. नवी बॅटरी घ्यायचीच तर आधी बैठकीत ठराव, मग संघाच्या नावाचं पक्कं बिल आणि त्यावर वॉरंटी. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती वेगळी गोळा व्हायला हवी, म्हणून विकणाऱ्याकडेच परत द्या. आणि मशीन सोडून येण्याआधी हिशोब पेनड्राइव्हवर घ्या. त्यात आपल्या बायकांची आधार कार्डं, पासबुकं असतात, ती लॅपटॉपवरून काढून टाका. पासवर्डची चिठ्ठी पिशवीतही ठेवू नका.