मोठ्या कंपनीतील नोकरी : लाभ आणि हानी

शालान्त परीक्षा जवळ आली, की ‘पुढे काय?’ हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. आपल्या हैदराबादेत त्याचे उत्तर जणू आधीच ठरलेले असते : अभियांत्रिकी शिकावी आणि हायटेक सिटीतील एखाद्या मोठ्या कंपनीत नोकरी धरावी. नात्यातला एखादा मुलगा तेथे लागला, की त्याच्या पगाराचा आकडा साऱ्या आप्तवर्गात फिरतो. परंतु त्या आकड्याबरोबर काय पदरी पडते आणि काय हातचे जाते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तोच येथे थोडक्यात करावयाचा आहे.

तंत्रविद्येचे वारे या शहराला नवे नाही. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी येथे १९६७ सालीच स्थापन झाली. आजचे स्वरूप मात्र १९९८ पासूनचे. त्या वर्षी नोव्हेंबरात माधापूर येथील सायबर टॉवर्स या इमारतीचे उद्घाटन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते झाले, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपले विकासकेंद्र येथे उघडले. २००४ साली गूगल आली. २०१९ साली ॲमेझॉनने नानकरामगुडा येथे पंधरा हजार माणसे काम करू शकतील एवढी प्रचंड वास्तू उभारली.

अशा नोकरीचे लाभ खरोखरच मोठे आहेत. वेतन चांगले आणि वेळेवर मिळते. कुटुंबाच्या आजारपणासाठी विम्याची सोय असते. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आवश्यक ठरली. असे नियम मोठ्या कंपनीत सहसा पाळले जातात. मुलींनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

याहूनही मोठा लाभ शिक्षणाचा. या कंपन्यांनी केलेली वस्तू कोट्यवधी लोक वापरतात. साहजिकच एखादी लहानशी चूकही जगभर जाचू शकते. म्हणून एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने तपासल्यावाचून सहसा पुढे जात नाही. आपले काम दुसऱ्याच्या नजरेखालून घालावे, दोष दाखविल्यास रागावू नये, ही शिस्त तरुणाला तेथे लाभते. वर जाण्याची वाटही बंद नसते. हैदराबाद पब्लिक स्कूलचे विद्यार्थी सत्या नडेला १९९२ साली मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि २०१४ साली तिचे प्रमुख झाले. अर्थात शिखरावर जागा एकच असते, हेही विसरू नये.

आता दुसरी बाजू पाहू. लहान मचव्यावरच्या खलाशाला शीड सोडावे लागते, सुकाणू धरावे लागते आणि वाराही ओळखावा लागतो. मोठ्या आगबोटीवर एकाच यंत्रापाशी वर्षानुवर्षे उभा असलेला मनुष्य समुद्र पाहतो, पण बोट हाकणे शिकत नाही. मोठ्या कंपनीत कामाची अशीच बारीक वाटणी असते. शिवाय तेथील कित्येक साधने त्या कंपनीनेच आपल्यापुरती घडविलेली असतात. त्यांतील प्रावीण्य बाहेर फारसे उपयोगी पडत नाही.

दुसरी हानी वेळेची. मायक्रोसॉफ्टचे मुख्य कार्यालय अमेरिकेतील रेडमंड येथे आहे. हैदराबादेत रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा तेथे उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ झालेले असतात. दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बोलावयाचे तर कोणीतरी आपल्या रात्रीवर पाणी सोडावे लागते. काचीगुड्याहून वा बरकतपुऱ्याहून माधापूरला रोज येण्याजाण्याचा वेळ आणखी निराळाच.

तिसरी हानी परावलंबनाची. अशा कंपन्या वेतनाचा काही भाग आपल्या शेअरांच्या रूपाने देतात. पण ते बहुधा काही वर्षांत हप्त्याहप्त्याने हाती येतात. मध्येच नोकरी सुटली, तर उरलेले सामान्यतः मिळत नाहीत. त्या वेतनाच्या भरवशावर वीस वर्षांचे गृहकर्ज काढलेले असते. आणि नोकरी सुटणे ही केवळ कल्पना नव्हे. २०२३ च्या जानेवारीत एकाच महिन्यात मायक्रोसॉफ्टने जगभरातील सुमारे दहा हजार, गूगलच्या मूळ कंपनीने बारा हजार, तर ॲमेझॉनने अठरा हजारांहून अधिक जागा कमी करीत असल्याचे जाहीर केले. त्यांत कामात कसूर न करणारेही पुष्कळ होते. याच शहरात १९८७ साली स्थापन झालेल्या सत्यम कंपनीचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी हिशेबातील खोटेपणाची कबुली दिली आणि हजारो कर्मचाऱ्यांचे भवितव्य एका दिवसात टांगणीला लागले. पुढे टेक महिंद्राने ती कंपनी घेतली म्हणून अनेकांचा निभाव लागला.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्याच इमारतीत पहारेकरी, स्वयंपाकी, वाहनचालक आणि कंत्राटावरील अभियंतेही राबत असतात. छत एकच असले, तरी कंपनीच्या सोयीसवलती त्या साऱ्यांना सारख्या मिळत नाहीत. ‘अमुक कंपनीत आहे’ एवढे ऐकून भागत नाही. कोणत्या नात्याने आहे, हेही विचारावे लागते.

मग लहान कंपनी बरी काय? तेथे नाना प्रकारची कामे शिकावयास मिळतात हे खरे; पण कधी पगार थकतो, कधी शिकविणाराच नसतो, कधी कंपनीच बंद पडते. तेव्हा एक चांगली आणि दुसरी वाईट असा सरळ निवाडा करता येत नाही.

सार एवढेच, की कंपनीचे मोठेपण हे आपले मोठेपण नव्हे. ते उसने असते, आणि ओळखपत्र परत केले त्या दिवशी तेही परत करावे लागते. आपले म्हणून उरते ते अंगी मुरलेले ज्ञान, जोडलेली माणसे, राखलेले आरोग्य आणि गाठीला बांधलेली चार पैशांची शिल्लक. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, नोकरी पत्करताना आणि त्यानंतर दरवर्षी स्वतःला विचारा : उद्या ही नोकरी नसली, तर माझ्या हाती काय उरेल? पालकांनीही मुलाला ‘पगार किती?’ असे विचारण्याआधी ‘यंदा नवे काय शिकलास?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ज्याला समाधानाने देता येईल, त्याने मोठ्या कंपनीत खुशाल जावे. तिच्यात राहणे त्याला लाभेल आणि तिच्याबाहेर पडण्याचे भयही वाटणार नाही.