विजेची डोंगरी सायकल : घ्यावी की न घ्यावी?

विजेची डोंगरी सायकल म्हणजे फटफटी नव्हे. तिची मोटर आपल्या पायांच्या जोरात भर घालते; पाय थांबले की तीही थांबते.

आता हिशेब पाहू. स्वार व सायकल मिळून १०० किलो वजन ६०० मीटर उंच चढवायला सुमारे १६३ वॉट-तास ऊर्जा लागते. घर्षणात व उष्णतेत जाणारा वाटा धरला, तरी ५०० वॉट-तासांची बॅटरी हा चढ पार पाडते. गुडघे कुरकुरू लागले, पण डोंगराची ओढ सुटली नाही, अशा माणसाला हे लहानसहान साहाय्य नव्हे.

परंतु दुसरी बाजूही आहे. साधी डोंगरी सायकल १३-१४ किलोंची, तर ही २० ते २५ किलोंची. बॅटरी वाटेत संपली, की तेच साहाय्य ओझे होते. शिवाय लिथियम-आयन बॅटरीची धारणशक्ती वर्षागणिक घटते, आणि नवी बॅटरी स्वस्त नसते. भारतात परवाना व नोंदणी यांतून सूट हवी, तर मोटर २५० वॉटहून कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी हवा; हे आकडे आधी तपासावेत.

तात्पर्य, सपाट रस्त्यावर फिरणाऱ्याने साधीच सायकल घ्यावी. चढामुळे ज्याची सायकल घरी धूळ खात पडली आहे, त्याने मात्र या खर्चाचा अवश्य विचार करावा.