कंपनीची नादारी : निराकरण आणि परिसमापन

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• नादारी, दिवाळखोरी आणि परिसमापन या संज्ञांतील फरक सांगता येईल.
• नादारी निराकरण प्रक्रियेचे टप्पे क्रमाने स्पष्ट करता येतील.
• परिसमापनात मिळालेल्या रकमेचे वाटप कोणत्या क्रमाने होते, हे उदाहरणाने दाखवता येईल.
• प्रक्रियेतील विलंबाची किंमत कोणाला मोजावी लागते, याचे विवेचन करता येईल.

प्रास्ताविक

एखादी कंपनी देणी फेडू शकत नाही, तेव्हा तिच्या दारात अनेक जण उभे असतात : कर्ज देणारी बँक, उधारीवर माल पुरवणारा व्यापारी, कर वसूल करणारे सरकारी खाते, पगार थकलेला कामगार आणि पैसे गुंतवून बसलेला भागधारक. प्रत्येकाचे येणे खरे असते. परंतु सर्वांना पुरेल एवढी मालमत्ता कंपनीजवळ नसते. अशा वेळी ज्याचा हात आधी पोचेल त्याने उचलावे, असे होऊ दिले तर यंत्रे एकाच्या ताब्यात जातात, जमीन दुसऱ्याच्या आणि तयार माल तिसऱ्याच्या. चालू कारखान्याला जी किंमत येते, ती त्याच्या सुट्या भागांना येत नाही. म्हणजे या ओढाताणीत एकूण मालमत्तेचेच मोल घटते.

म्हणून नादारीच्या कायद्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. कंपनी वाचवायची की मोडायची, हे कोणी ठरवायचे? आणि तोटा अटळ असेल, तर तो कोणी किती सोसायचा? भारतात या प्रश्नांची उत्तरे ‘नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६’ या कायद्यात सापडतात. प्रस्तुत घटकात २०२४ अखेरपर्यंतच्या तरतुदींच्या आधारे त्यांचा विचार केला आहे.

विषय-विवेचन

१. संज्ञांचा अर्थ

व्यवहारात आपण ‘कंपनीचे दिवाळे निघाले’ असे सहज म्हणतो. कायद्याची भाषा अधिक काटेकोर आहे. देय झालेले कर्ज फेडण्याची असमर्थता म्हणजे नादारी. ती एक आर्थिक अवस्था असून तिच्यातून बाहेर पडणे शक्य असते. दिवाळखोरी ही संज्ञा संहितेत व्यक्ती आणि भागीदारी संस्थांच्या संदर्भात येते. कंपनीच्या बाबतीत नादारीवर तोडगा निघाला नाही, तर परिसमापन होते. म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी भागवली जातात आणि शेवटी कंपनीचे कायदेशीर अस्तित्व संपते. ज्याचे येणे आहे तो धनको आणि ज्याने देणे आहे तो ऋणको, हे मराठीतील जुने शब्द पुढील विवेचनात वापरले आहेत.

२. पूर्वीची व्यवस्था

१९८५ साली आजारी उद्योगांसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि त्यानुसार औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. मंडळासमोर प्रकरण चालू असेपर्यंत धनकोंच्या वसुलीला स्थगिती मिळत असे; मात्र कंपनीचा कारभार सामान्यतः जुन्याच व्यवस्थापनाच्या हाती राहत असे. त्यामुळे प्रकरण लांबवण्यात ऋणकोचे हित आणि धनकोचे अहित होते. १ डिसेंबर २०१६ रोजी हे मंडळ बरखास्त झाले आणि त्याच दिवसापासून नव्या संहितेतील कंपन्यांच्या नादारी निराकरणाच्या तरतुदी अमलात आल्या. नव्या व्यवस्थेत महत्त्वाचा बदल ताब्याचा झाला : प्रक्रिया सुरू होताच संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात.

३. निराकरण प्रक्रियेचे टप्पे

(अ) अर्ज : किमान १ कोटी रुपयांची थकबाकी असल्यास राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मूळ मर्यादा १ लाख रुपये होती. मार्च २०२० मध्ये ती वाढवण्यात आली. बँकेसारखा वित्तीय धनको, माल वा सेवा पुरवणारा परिचालन धनको किंवा स्वतः कंपनी अर्ज करू शकते. परिचालन धनकोने आधी मागणीची नोटीस देऊन १० दिवस वाट पाहणे आवश्यक असते.

(आ) अधिस्थगन : अर्ज दाखल करून घेतल्यावर कंपनीविरुद्धचे दावे, जप्ती आणि वसुली थांबते. हा विसावा मालकांसाठी नसून मालमत्ता एकसंध राहावी यासाठी असतो.

(इ) निराकरण व्यावसायिक : न्यायाधिकरणाने नेमलेली ही व्यक्ती कारभार हाती घेते, जाहीर सूचना देऊन धनकोंचे दावे मागवते आणि शक्य तोवर कंपनी चालू ठेवते.

(ई) धनको समिती : ही समिती मुख्यतः वित्तीय धनकोंची असते आणि मताचे वजन कर्जाच्या रकमेवर ठरते. कामगार परिचालन धनकोंच्या वर्गात मोडतात. त्यांना समितीत मत नसते. कामगारांच्या हिताच्या दृष्टीने ही बाब नीट लक्षात घ्यावी.

(उ) निराकरण योजना : इच्छुक गुंतवणूकदार कंपनी चालवण्याची व देणी भागवण्याची योजना सादर करतात. किमान ६६ टक्के मतांनी समितीने ती स्वीकारली आणि न्यायाधिकरणाने मंजूर केली, की ती सर्वांवर बंधनकारक ठरते. कर्ज बुडवणाऱ्या प्रवर्तकांनी आपलीच कंपनी स्वस्तात परत घेऊ नये, यासाठी संहितेच्या कलम २९-अ मध्ये अपात्रतेचे निकष दिले आहेत.

या साऱ्यासाठी १८० दिवसांची मुदत असून ती एकदा ९० दिवसांनी वाढवता येते. न्यायालयीन वादाचा काळ धरून २०१९ च्या दुरुस्तीने ३३० दिवसांची कमाल मर्यादा घातली. एस्सार स्टील प्रकरणात नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपवादात्मक परिस्थितीत ही मर्यादा ओलांडण्यास वाव ठेवला. तसेच योजना व्यापारी दृष्ट्या योग्य आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार धनको समितीचा आहे, असे स्पष्ट केले.

४. परिसमापन

मुदतीत योजना आली नाही, ती नामंजूर झाली, मंजूर योजनेचा भंग झाला किंवा समितीनेच तसे ठरवले, तर न्यायाधिकरण परिसमापनाचा आदेश देते. कंपनीचा व्यवसाय पुढे चालू ठेवला जात नसेल, तर हा आदेश हीच कर्मचाऱ्यांना नोकरीतून मुक्त केल्याची सूचना मानली जाते.

परिसमापक मालमत्ता विकतो. मिळालेली रक्कम संहितेच्या कलम ५३ नुसार पुढील क्रमाने वाटली जाते :

१) निराकरण व परिसमापन यांचा खर्च.
२) कामगारांची मागील २४ महिन्यांची येणी आणि आपले तारण सोडून देणारे तारणी धनको – दोघेही समान पातळीवर.
३) कामगार वर्गात न मोडणाऱ्या कर्मचाऱ्यांची मागील १२ महिन्यांची येणी.
४) विनातारण वित्तीय कर्जे.
५) सरकारची मागील दोन वर्षांची येणी आणि तारण स्वतः विकूनही तारणी धनकोची उरलेली बाकी.
६) इतर सर्व देणी.
७) अग्रहक्क भागधारक.
८) सामान्य भागधारक.

वरच्या पायरीचे देणे पूर्ण फिटल्याशिवाय खालच्या पायरीला काहीही मिळत नाही. भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि उपदान निधी यांतील कामगारांची येणी मात्र या वाटपाच्या मालमत्तेत धरली जात नाहीत.

५. काल्पनिक उदाहरण

एका कंपनीची मालमत्ता विकून ६० कोटी रुपये आले. प्रक्रियेचा खर्च ६ कोटी, कामगारांची २४ महिन्यांची येणी १२ कोटी आणि तारणी बँकांची येणी ७८ कोटी आहेत. खर्च वजा जाता ५४ कोटी उरतात. दुसऱ्या पायरीवरील एकूण येणे मात्र ९० कोटी आहे. म्हणून प्रत्येकाला ६० टक्के मिळतील : कामगारांना ७.२ कोटी आणि बँकांना ४६.८ कोटी. कार्यालयीन अधिकारी, माल पुरवठादार, सरकार आणि भागधारक यांच्या वाट्याला शून्य येईल.

आता समजा, विक्रीस दोन वर्षे उशीर झाला, यंत्रे गंजली आणि मालमत्तेला ४२ कोटीच आले. खर्च तेवढाच धरला, तरी ३६ कोटी उरतात, म्हणजे ४० टक्के. कामगारांना ४.८ कोटी आणि बँकांना ३१.२ कोटी मिळतील. कोणीही नवे कर्ज काढले नाही, कोणी अपहार केला नाही. केवळ विलंबाने कामगारांचे २.४ कोटी रुपये बुडाले.

६. प्रत्यक्ष प्रकरण : जेट एअरवेज

मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजने १९९३ मध्ये प्रवासी सेवा सुरू केली आणि १७ एप्रिल २०१९ रोजी तिची उड्डाणे थांबली. भारतीय स्टेट बँकेच्या अर्जावरून न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने २० जून २०१९ रोजी नादारी प्रक्रिया सुरू केली. जालान-कालरॉक गटाची योजना धनको समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये स्वीकारली आणि न्यायाधिकरणाने जून २०२१ मध्ये मंजूर केली. कागदोपत्री कंपनी वाचली होती.

परंतु योजना अमलात आली नाही. पहिल्या हप्त्याचे ३५० कोटी रुपये देताना गटाने २०० कोटी भरले. उर्वरित १५० कोटींसाठी आधीच दिलेली बँक हमी वळती करून घ्यावी, असा त्याचा आग्रह होता. अपील न्यायाधिकरणाने तो मान्य केला. कर्जदार बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून परिसमापनाचा आदेश दिला. गटाने भरलेले २०० कोटी जप्त झाले आणि १५० कोटींची हमी वटवण्याची मुभा बँकांना मिळाली.

३३० दिवसांत संपावयाची प्रक्रिया पाच वर्षांहून अधिक काळ चालली आणि तिच्या अखेरीस परिसमापनाची सुरुवात झाली. योजना मंजूर होणे म्हणजे कंपनी वाचणे नव्हे, हा या प्रकरणाचा पहिला धडा. दुसरा धडा असा, की विमाने जमिनीवर उभी असताना त्यांचे मोल कमी होत राहते आणि ती घट शेवटी धनको व कामगार यांच्या वाट्यातून वजा होते.

सारांश

कंपनी वाचवण्याचा प्रयत्न आधी आणि परिसमापन शेवटी, हे संहितेचे सूत्र आहे. निर्णयाचा अधिकार मुख्यतः वित्तीय धनकोंकडे असतो. तोट्याच्या वाटणीचा क्रम कलम ५३ ठरवते. कामगारांना निराकरणाच्या निर्णयात मत नाही. परिसमापनात मात्र २४ महिन्यांच्या येण्यांपुरते त्यांचे स्थान तारणी धनकोंच्या बरोबरीचे आहे. हे स्थान कागदावर कितीही वरचे असले, तरी वाटण्यासाठी काय उरले आहे, यावरच त्याचे मोल अवलंबून असते. म्हणून संहितेतील मुदतीला केवळ कार्यपद्धतीचा तपशील समजू नये. धनको व कामगारांच्या हक्काचे ते संरक्षण आहे.

स्वाध्याय

१) नादारी आणि परिसमापन यांतील फरक चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.
२) धनको समितीची रचना सांगून तिच्यात कामगारांचे स्थान काय, ते लिहा.
३) वरील काल्पनिक उदाहरणात मालमत्तेला ७८ कोटी रुपये आले आणि खर्च ६ कोटीच राहिला, तर कामगार व बँका यांना किती रक्कम मिळेल? (उत्तर : ९.६ कोटी आणि ६२.४ कोटी रुपये.)
४) ‘मंजूर योजनेपेक्षा अमलात आलेली योजना महत्त्वाची’ या विधानाची जेट एअरवेजच्या प्रकरणाच्या आधारे चर्चा करा.